साक्षीदाराची सही

उज्जीवन सभेच्या शेवटच्या रात्री मांडवात 'पुढे या' म्हणून हाक दिली जाते, तेव्हा पहिला उठणारा माणूस आमच्याकडे कित्येक वर्षे ठरलेला आहे. तो पुढे जातो, गुडघे टेकतो, ढसाढसा रडतो. ते रडणे खोटे नाही, हे आधीच सांगून टाकतो. तिसऱ्या रांगेत बसून त्याचे खांदे गदगदताना मी पाहिले आहेत. मग तो उठून साक्ष देतो. आपण कसे होतो आणि प्रभूने कसे धुऊन काढले. बायकांच्या बाजूला, खांबाजवळच्या खुर्चीवर त्याची धाकटी बहीण बसलेली असते. वडील वारल्यावर साडेतीन एकरांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचे नाव लागले आणि दोन महिन्यांत हक्कसोडपत्राने निघाले. तिला एक साडी मिळाली. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत त्या कागदाला दोन साक्षीदार लागले. त्यांतली एक सही माझी आहे.

नाव-गाव सांगत नाही. सांगायचा मुद्दा वेगळा आहे. ही गोष्ट मी माझ्या एका पाळकमित्रांजवळ बोललो. विद्वान, निर्मळ मनाचे गृहस्थ. त्यांचा माझा वाद तीस वर्षांचा, स्नेहही तितकाच जुना. ते म्हणाले, "अहो, जमिनीचं काय ते कोर्ट बघेल. त्याचं रडणं देवानं पाहिलं, विषय संपला. पश्चात्तापाला तुम्ही तलाठ्याकडे कशाला नेता?" त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. आता सुचले आहे, आणि ते चारचौघांत द्यावेसे वाटते, कारण हे मत त्यांचे एकट्याचे नाही. आमच्या मंडळ्यांत आज तेच चलनी नाणे आहे. निवाडा वाचकांनी करावा.

पूर्वपक्ष असा. पश्चात्ताप ही अंतःकरणात घडणारी गोष्ट आहे. माणसाला आपले पाप दिसते, काळीज फाटते, तो देवापुढे कोसळतो आणि त्याला क्षमा मिळते. तारण कृपेने आहे, कर्माने नाही. तेव्हा पश्चात्तापाला परतफेडीची अट घालणे म्हणजे पुढच्या दाराने हाकललेले कर्मकांड मागच्या दाराने आत घेणे होय. वधस्तंभावरच्या चोराने कुणाचे काय परत केले होते? त्याला तर त्याच दिवशी सुखलोकाचे वचन मिळाले. राहिले शिष्यत्व. ते निराळे पाचारण आहे. पेत्राने जाळी सोडली, मत्तय जकातीच्या नाक्यावरून उठला, श्रीमंत तरुणाला सगळे विकायला सांगितले गेले. ज्याच्या मागे संसार, दुकान, शेत आहे त्याने विश्वास ठेवावा, प्रार्थना करावी, दशांश द्यावा. शिष्यत्व पाळकांनी पाहावे, मिशनऱ्यांनी पाहावे, फार तर नारायण वामन टिळकांसारख्या एखाद्या वेड्याने पाहावे.

या मतात दम आहे. ज्याच्याजवळ परत करायला दमडी नाही अशा मोडलेल्या माणसाला ते दारात अडवत नाही, हा त्याचा मोठेपणा मी मानतो. देवाच्या क्षमेला भाव लावणाऱ्यांच्या विरुद्ध ते उभे राहिले, हा त्याचा इतिहासही मानतो. तरीही ते चूक आहे. फांद्यांत नाही, बुंध्यात चूक आहे.

आधी शब्दच घेऊ. पश्चात् अधिक ताप: मागाहून होणारा दाह. 'मला पश्चात्ताप झाला' असे आपण म्हणतो, जसे 'मला ताप आला', 'मला ठसका लागला'. या वाक्यांत माणूस काही करत नाही. त्याच्यावर काहीतरी येते आणि ओसरते. आता यार्देनेच्या काठी उभा राहिलेला बाप्तिस्मा करणारा योहान पाहा. तो लोकांना 'पश्चात्ताप करा' अशी आज्ञा करतो. तापाची आज्ञा कशी करता येईल? ठसका लागू दे असे कुणी कुणाला बजावते काय? ग्रीक शब्द आहे मेतानोइया, मन पालटणे; आणि त्याच्या पाठीशी इब्री संदेष्ट्यांची 'शूब' ही हाक आहे, म्हणजे मागे फिर, चुकल्या वाटेवरून वळून घरी ये. वळणारा माणूस कर्ता असतो. त्याला आज्ञा करता येते.

हा शब्द भाषांतरात कलंडण्याची खोड जुनी आहे. लॅटिन बायबलात तो प्रायश्चित्त-विधीच्या बाजूला झुकला. इरॅस्मसने १५१६ साली ग्रीक नवा करार छापला. दोन वर्षांनी लूथरने आपले गुरू स्टाउपिट्झ यांना लिहिलेल्या पत्रात मूळ ग्रीक अर्थ कळल्यावर आपल्याला किती मोकळे वाटले ते कळवले आहे. त्याच्या १५१७च्या पंचाण्णव प्रमेयांतले पहिलेच प्रमेय सांगते की विश्वासणाऱ्याचे अवघे आयुष्य हाच पश्चात्ताप असावा. अवघे आयुष्य. शेवटची रात्र नव्हे. म्हणजे जे मत लूथरच्या नावावर खपवले जाते, त्याला लूथरची पहिलीच ओळ आडवी येते. लॅटिनमध्ये शब्द विधीकडे कलला, मराठीत भावनेकडे. दोन्हीकडे सांडले तेच: वळणे.

गंमत अशी की आपल्या मातीत हा भेद पूर्वीच कुणाला तरी कळला होता. मनुस्मृतीशी माझे भांडण अनेक कारणांनी आहे आणि ते मिटायचे नाही. पण तिच्या अकराव्या अध्यायात, प्रायश्चित्तांच्या प्रकरणात, संताप आणि निवृत्ती असे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. जळण्याने माणूस पापातून सुटतो, पण शुद्ध होतो तो 'पुन्हा असे करणार नाही' म्हणून थांबण्याने, असा तिथला आशय. आणि किरकोळ चोरीच्या प्रायश्चित्ताआधी चोरलेली वस्तू परत करायला सांगितले आहे. ज्या ग्रंथावर आम्ही कर्मकांडाचा शिक्का मारतो, त्याला वस्तू परत करण्याचे भान आहे. आमच्या मांडवाला नाही.

अर्थात व्युत्पत्तीच्या जोरावर सिद्धान्त ठोकणे ही पंडितांची जुनी खोड, आणि माझे पाळकमित्र ग्रीक जाणतात. ते लगेच म्हणतील, यहूदा इस्कर्योताच्या खेदासाठी मत्तयाने दुसरेच क्रियापद वापरले आहे, निव्वळ हळहळण्याचे; तुमचा मेतानोइया तिथे नाहीच. खरे आहे. पण त्याच मत्तयाने तेच हळहळण्याचे क्रियापद आणखी एकासाठी वापरले आहे. दोन मुलांच्या दाखल्यात जो मुलगा बापाला आधी 'जात नाही' म्हणतो आणि मागाहून मळ्यात जातो, त्याच्यासाठी. क्रियापद एक, हळहळ एक. एक मळ्यात गेला, दुसरा फासाकडे. फरक शब्दात नव्हता, काळजाच्या जळण्यातही नव्हता. पाय कुठे गेले, एवढाच फरक. शब्दकोश इथे मिटला तरी चालेल.

यहूदावर घटकाभर थांबू, कारण तो माझ्याही विरुद्ध साक्षीदार आहे. त्याने पैसे परत केले होते! तीसच्या तीस नाणी मंदिरात फेकली. मग परतफेड हाच पश्चात्ताप म्हणणाऱ्याची बोलती इथे बंद व्हायला नको काय? व्हायला हवी, म्हणूनच मी तसे म्हणत नाही. पैसे त्याने परत केले ते कुणाला? ज्यांनी दिले त्यांना, म्हणजे गुन्ह्यातल्या भागीदारांना. ज्यांचा घात केला त्या अकरा जणांकडे तो गेला नाही. हिशेब स्वतःच मांडला, स्वतःच मिटवला, दोरानेच खाली रेघ ओढली. पेत्राने त्याच रात्री, अंगणातल्या कोळशाच्या विस्तवाशी शेकत, तीनदा ओळख नाकारली. तोही कडू रडला. पण पुढे तो सापडतो तो इतरांबरोबर, सरोवरात, जाळे ओढताना. किनाऱ्यावर पुन्हा कोळशाचा विस्तव पेटलेला आहे, वर मासे भाजत आहेत. शुभवर्तमान लिहिणाऱ्या योहानाने कोळशाच्या विस्तवासाठी एक ग्रीक शब्द वापरला आहे, आणि साऱ्या नव्या करारात तो या दोनच जागी येतो: नाकारण्याच्या रात्री आणि या सकाळी. धूर तोच, वास तोच. तिथे त्याला तीनदा विचारले जाते, आणि तिन्ही वेळा उत्तरापाठोपाठ एक काम दिले जाते: मेंढरे सांभाळ. त्याला त्याच्या अश्रूंबद्दल कुणी एक शब्दही विचारला नाही.

पेन्टेकॉस्टच्या दिवसाचा दाखला पूर्वपक्ष हमखास देतो: पेत्राचे भाषण ऐकून लोकांच्या अंतःकरणाला टोचणी लागली. लागली खरीच. पण पुढे वाचा. टोचणी लागल्यावर ते विचारतात, आता आम्ही काय करावे? आणि त्यावर पेत्र सांगतो, पश्चात्ताप करा. टोचणी हाच पश्चात्ताप असता, तर टोचणी लागलेल्यांना पश्चात्ताप करायला सांगण्याचे प्रयोजन काय? तापाने फणफणलेल्याला 'ताप आण' असे कोणता वैद्य सांगतो? पौलाने तर करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दोन्ही गोष्टी सरळ तोडून ठेवल्या आहेत: देवाला धरून असलेले दुःख पश्चात्ताप घडवते. जे घडवते ते एक आणि जे घडते ते दुसरे. बी म्हणजे पीक नव्हे.

आता जक्कय. रविवारच्या शाळेत ही गोष्ट आपण बुटका माणूस आणि उंबराचे झाड एवढ्यावर आटोपतो. मुलांना झाड आवडते, हरकत नाही. मोठ्यांनी हिशेब वाचावा. जक्कय यरीहोचा मुख्य जकातदार. यहूदी नियमशास्त्रात परतफेडीचे वेगवेगळे दर आहेत. ज्याने आपण होऊन पाप कबूल केले त्याने मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा भरावा, हा गणना पुस्तकातला दर. ज्याने मेंढरू चोरून कापले किंवा विकले त्याने चौपट भरावे, हा निर्गमातला. शंभर दिनार लुबाडले असतील तर पहिल्या दराने एकशे वीस, दुसऱ्याने चारशे. जक्कयाला कुणी पकडलेले नव्हते. फिर्याद नाही, पंचनामा नाही. कबुली देणाऱ्याचा सवलतीचा दर त्याला हक्काने लागू होता. त्याने चोराचा दर उचलला. आपले नाव कोणत्या रकान्यात लिहायचे, हे त्याने स्वतः ठरवले. शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना, ती वेगळीच. काही अभ्यासक म्हणतात, मूळ ग्रीकमधली क्रियापदे वर्तमानकाळी असल्यामुळे जक्कय हे आधीपासूनच करत होता आणि लोकांच्या कुजबुजीला उत्तर देत होता. तसे धरले तर माझी बाजू आणखीच पक्की होते. मग हा एका दुपारचा उमाळा न राहता रोजच्या वहीतली ओळ ठरते.

आणि जक्कय रडल्याचा उल्लेख लूकने कुठेही केलेला नाही. त्याने पाहुण्याला आनंदाने घरात घेतले, एवढेच लिहिले आहे. शुभवर्तमानांतला सर्वांत रोकडा पश्चात्ताप हसतमुख आहे! आमच्या सभांच्या मोजपट्टीने जक्कय नापास झाला असता.

कृपेचा मुद्दा इथेच निकालात निघतो. आधी काय घडले? येशूने वर पाहिले आणि सांगितले की मला आज तुझ्याच घरी उतरायचे आहे. तेव्हा जक्कयाने एक पैसाही परत केलेला नव्हता. कृपा विनाअट आली, पाहुणा आधी आला. वही नंतर उघडली. आणि या घराला तारण मिळाल्याचे येशूने सांगितले ते वही उघडल्यावर. परतफेड ही तारणाची किंमत होती असे मी कधीच म्हटले नाही. किंमत असती तर ती आधी मागितली गेली असती. पण पाहुणा जेवून गेला आणि वही मिटलेलीच राहिली, तर पाहुणा खरोखर आला होता काय, असे विचारायचा अधिकार यरीहोच्या नागवलेल्या माणसांना नाही काय? इफिसकरांच्या पत्रातली, तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही, ही दोन वचने आमच्या पोराटोरांना पाठ असतात. लगेच पुढचे वचन सांगते की आपण घडवले गेलो तेच सत्कर्मांसाठी. ते पाठ करून घेतल्याचे मला आठवत नाही.

वधस्तंभावरच्या चोराला मात्र पूर्वपक्षाने फार राबवले आहे. बिचाऱ्याने काही परत केले नाही, कारण त्याचे दोन्ही हात खिळलेले होते. मोकळी होती ती फक्त जीभ, आणि तिने त्याने काय केले? आपली शिक्षा योग्य आहे असे उघड कबूल केले, शेजारच्या गुन्हेगाराला टोकले आणि ज्याची सारे टिंगल करत होते त्या निरपराध माणसाची बाजू घेतली. जेवढे चालत होते तेवढे त्याने सगळे वळवले. आमच्या मांडवातल्या माणसाचे हात खिळलेले नाहीत. त्याच्याकडे दुपारपासून संध्याकाळपर्यंतचाच वेळ नव्हता, हक्कसोडपत्रानंतरची अठरा वर्षे होती. शेवटच्या घटकेला वळलेल्या माणसाचे उदाहरण पहिल्या घटकेपासून वेळ असलेल्याने कोणत्या तोंडाने द्यावे?

दुसरी बाजू शिष्यत्वाची. ते घरदार सोडणाऱ्यांचे आहे, हे मत ऐकायला भक्तिभावाचे वाटते. परिणामात ते फार सोयीचे आहे: डोंगर इतका उंच दाखवायचा की चढण्याचा प्रश्नच उरू नये. यार्देनेच्या काठी योहानाकडे आलेल्या लोकांनी 'मग आम्ही काय करावे' असे विचारले तेव्हा त्याने काय सांगितले ते लूकच्या तिसऱ्या अध्यायात आहे. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा. जकातदारांना सांगितले, ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना सांगितले, दमदाटी करून पैसे उकळू नका, खोटे आळ घेऊ नका, पगारात भागवा. टोळ आणि रानमध खाणारा, अंगावर उंटाच्या केसांचे वस्त्र घालणारा हा वैरागी! त्याला सगळ्यांना अरण्यात या म्हणणे सोपे होते. त्याने जकातदाराला नाक्यावर परत पाठवले. नाक्यावरच त्याचे अरण्य होते.

मत्तयाने सगळे सोडले. लूकही तसेच सांगतो. पण पुढच्याच वचनात सगळे सोडलेल्या या माणसाच्या स्वतःच्या घरी मोठी मेजवानी आहे, आणि पंगतीला जकातदारांचा घोळका. सोडणे म्हणजे काय, हे ठरवताना ती पंगत डोळ्यांसमोर ठेवावी. गरसेकरांच्या मुलखातला भूतग्रस्त बरा झाल्यावर बरोबर येऊ द्या म्हणून विनवण्या करतो. येशू त्याला नकार देतो. घरी जा, म्हणतो. जाळी सोडायला सांगणारा तोच आणि घरी जा म्हणणाराही तोच. मग पहिलेच तेवढे शिष्यत्व, हे कोणी ठरवले? पौलासारखा प्रेषित करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाच्या घरी राहून त्यांच्याबरोबर तंबू शिवत होता.

आणखी एक पुरावा, तो मला फार आवडतो. प्रेषितांच्या कृत्यांत 'शिष्य' या ग्रीक शब्दाचे स्त्रीलिंगी रूप येते. साऱ्या नव्या करारात ते एकदाच येते. ते कुणाला मिळावे? मोशेच्या बहिणीसारखी एखादी संदेष्टी? संन्यासिनी? ते यापोच्या टबीथेला मिळाले आहे. ती विधवांसाठी कपडे शिवायची. ती वारली तेव्हा विधवा पेत्राभोवती रडत उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे नि वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. त्या बायकांनी टबीथेची प्रार्थना किती लांब होती ते सांगितले नाही. शिवण दाखवली.

आपल्याकडे यायचे तर लक्ष्मीबाई टिळकांहून मोठा दाखला मला सुचत नाही. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तो एका ठिणगीसारखा. त्याचे चटके बाईंना बसले. ताटातुटीची वर्षे गेली आणि त्या ख्रिस्ती नवऱ्याच्या घरी परतल्या, तरी काही काळ चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे वेगळे. 'स्मृतिचित्रे' वाचताना दिसते की त्यांच्यातला पालट पुढे येऊन गुडघे टेकण्यात झाला नाही. तो पाण्याच्या भांड्यात झाला. कुणाच्या हातचे पाणी चालते, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आधी घशाखाली उतरवले. बाप्तिस्मा मागाहून, १९०० साली. पिढ्यानपिढ्या ज्या रेषेने माणसे दूर ठेवली ती रेषा स्वयंपाकघरात पुसणे, याला पश्चात्ताप म्हणायचे नाही तर कशाला? आणि ते सांगताना बाई स्वतःलाच हसतात, हे त्यातले मर्म. साक्ष देण्याची ती रीत आम्ही उचलली नाही, याचे मला वाईट वाटते.

पंडिता रमाबाईंचे नाव मात्र पूर्वपक्ष आवर्जून घेतो, कारण १९०५ साली केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये झालेले उज्जीवन, तिथल्या मुलींचे रडणे, पापकबुली, साऱ्या जगात गाजले. ते घडले, आणि मी त्याची थट्टा करणार नाही. पण रमाबाई स्वतः काय सांगतात? १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर काही वर्षांनी आपल्याला उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त अजून मिळायचा आहे, असे त्यांनी मागाहून लिहिले. म्हणजे एका दिवसाच्या साक्षीवर त्या स्वतःच थांबल्या नाहीत. दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी त्यांनी प्रार्थनागृह उभारले, तसा तेलाचा घाणा उभारला, माग लावले, छापखाना घातला आणि तिथे बायकांना खिळे जुळवायला शिकवले. उरलेले आयुष्य इब्री-ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घातले. ते छापून पुरे झाले १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. मुक्तीच्या गोष्टीतून फक्त रडणे उचलायचे आणि घाणा केडगावलाच ठेवून यायचे, हा कुठला न्याय?

मग अश्रू व्यर्थ काय? मी तसे म्हटलेले नाही. पेत्र रडला, त्याचे रडणे शुभवर्तमानातून काढा म्हणणारा दगड असेल. अश्रूंना दुखावलेल्या माणसाच्या दारापर्यंत चालत जाऊ द्या, एवढेच माझे म्हणणे. डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो, वेदीपाशी अर्पण आणलेस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तिथे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. ऐकणारे गालीलातले होते. वेदी यरुशलेमेत. पायी काही दिवसांची वाट. म्हणजे अर्पण अर्धवट ठेवून एवढी वाट मागे तुडवायची, समेट करायचा, मग पुन्हा तितकीच चालायची! आमच्या मांडवात वेदीपासून बहिणीच्या खुर्चीपर्यंत वीस पावले असतील.

पाळकमित्रांच्या मूळ प्रश्नाकडे येतो: पश्चात्तापाला तलाठ्याकडे कशाला न्यायचे? कारण पाप तिथे नोंदलेले आहे. मजुराची अडवलेली मजुरी देवाच्या कानाशी ओरडते असे याकोब लिहितो. शेतावरच्या मजुरीची गोष्ट आहे ती, मंदिरातली नव्हे. आणि कायद्याचे म्हणाल तर आमच्या बाबतीत तो केव्हाचाच स्पष्ट आहे. १९२५च्या भारतीय वारसा कायद्याने ख्रिस्ती बापाने मृत्युपत्र केले नसेल तर मुलगा आणि मुलगी यांना सारखाच हिस्सा मिळतो. त्रावणकोरच्या ख्रिस्ती लेकींना मात्र १९१६च्या तिथल्या कायद्याने भावाच्या हिश्शाचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांत जे कमी असेल तेवढेच मिळायचे. मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ साली ती बेडी तुटली. आमच्या लेकींना कोर्टात जावे लागले नाही. त्यांच्यासाठी आम्ही हक्कसोडपत्र शोधून ठेवले. कायदा मोडत नाही, बहीण राजीखुशीने सही करते, माहेर तुटू नये म्हणून करते, आणि दुसऱ्या रविवारी प्रभुभोजनाला दोघे एकाच पेल्याला ओठ लावतात. हे कोर्टाने काय बघायचे? कोर्टापुढे कागद चोख आहे. म्हणूनच तो पश्चात्तापाचा विषय आहे.

एवढे लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आले की आतापर्यंत मी भावाबद्दल बोलतो आहे. दोन साक्षीदारांपैकी एक कोण, ते मी पहिल्याच परिच्छेदात सांगून मोकळा झालो होतो, जणू तो तपशील होता.

परवा मी तिच्या घरी गेलो. ती ओट्यावर मेथी निवडत होती. मी म्हटले, त्या कागदावर मी सही केली ती चूक होती. तुला काय वाटेल, हे तेव्हा विचारायला हवे होते, विचारले नाही. ती थोडा वेळ देठे खुडत राहिली. मग म्हणाली, "सही माझीबी व्हतीच की, दादा." आणि पुन्हा थोड्या वेळाने, "मग आता काय करायचं?"

यार्देनेच्या काठी लोकांनी हेच विचारले होते, हे मला घरी येताना आठवले. तिच्यापुढे आठवले नाही. तिला मी एवढेच म्हटले की वकिलाआधी आपण दोघे तुझ्या भावाकडे जाऊ, आणि आधी मी बोलेन. बुधवारी तिचा बाजाराचा दिवस. गुरुवारी सकाळी नऊच्या एसटीने जायचे ठरले आहे.

आज मंगळवार आहे.